हातभर खड्डा

खड्डा हातभर होता, वीतभर जास्तच असेल. शौकी शुक्रवारचा बापाच्या कबरीवर फातिहा पढायला आला आणि जागीच थबकला. कबरीला लागून म्हातारा दुसूकी कुदळ मारत होता.

"कुणाचं तान्हं गेलं, चाचा?"

"तान्हं नाही. पाय पुरायचाय."

"कुणाचा?"

दुसूकीने शौकीच्या उजव्या पायाकडे पाहिलं आणि पुन्हा कुदळ उचलली. "तुझी बायको रावया सांगून गेली. रविवारपर्यंत तयार ठेव म्हणाली. अंग ते अंगच, बाबा. उकिरड्यावर थोडंच टाकायचं?"

शौकी फातिहा न पढताच घराकडे वळला.

तो पायाने इस्त्री करणारा. चुलीवर तापलेली जडशीळ इस्त्री, तिच्यावर लाकडी फळी, फळीवर उजवा पाय आणि हातात लांब दांडा. अख्ख्या गावाचे झगे त्या एका पायाखालून गेले होते. अलीकडे त्याच पायात रक्त पोचत नव्हतं. जरा चाललं की पोटरी आवळून यायची. अंगठा फळीवरून घसरून इस्त्रीला भाजला, तेही त्याला वास आला तेव्हा कळलं. आता अंगठ्याचं टोक काळं पडलं होतं.

चार महिन्यांपूर्वी बायकोने त्याला ओढत तांता शहरातल्या इस्पितळात नेलं होतं. डॉक्टरीणबाई शीर, फुगा, गुडगुडी बंद, असं काहीबाही सांगत होत्या, तेवढ्यात हा पठ्ठ्या लघवीचं निमित्त करून पळाला. त्याचा बाप असाच एका इस्पितळात दोन पायांनी गेला होता आणि एका पायाने परतला होता. ते शौकीच्या मनातून कधी गेलंच नाही.

घरी रावया मुलूखियाची भाजी चिरत होती.

"पाय अजून अंगाला आहे माझ्या, आणि तू त्याची कबर खणतेस?"

"ऐनवेळी धावाधाव नको म्हटलं."

"डॉक्टरीण काय म्हणाली?"

"मला काय विचारतोस? तुला सांगत होती तेव्हा तू पळालास."

"म्हणजे रविवारी नक्की?"

"रविवारी. मी उद्याच तांत्याला बहिणीकडे जाते. तुला यायचं तर ये, नाहीतर नको येऊस. खड्डा काही पळून जात नाही." तिने सुरी पुन्हा भाजीवर चालवली.

शौकीला कुठे चैन पडेना. गुडगुडी भरली, दोन झुरके मारले आणि निखारे गटारात ओतले. डाव्या पायाने इस्त्री जमते का पाहिलं, तर गावच्या मुखियाचा नवा झगा पाठीवर जळाला. शनिवारी चहाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "शौकी, तुझा उजवा बूट मला दे रे. तुला आता कशाला?" सगळे हसले. तो चहा तसाच टाकून उठला. त्याला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती.

रविवारी उजाडायच्या आत तो निघाला. रावया बहिणीकडून इस्पितळात पोचायच्या आधी डॉक्टरीणबाईंना गाठायचं आणि हातापाया पडायचं, एवढंच डोक्यात होतं. मिनीबसच्या थांब्यापर्यंत तो बसत बसत गेला.

"बाई, काय वाटेल ते करा," दारातूनच तो म्हणाला. "फुगा घाला, तार घाला. गुडगुडी सोडली मी. पण पाय ठेवा. त्या पायावरच माझी भाकरी आहे."

डॉक्टरीणबाईंनी त्याला बसवलं, पाय हातात घेतला आणि घोट्यापाशी बराच वेळ ठोका शोधला.

"उशीर केलास. अंगठ्याचं टोक जाईल. पण शीर आज उघडली तर पाय राहील."

"मग कापायचं ठरलं होतं, ते?"

"कापायचं? कोण म्हणालं कापायचं?" बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "चार महिने मी तुझ्या बायकोला शीर उघडायला तुला घेऊन ये म्हणून सांगतेय. कालपासून ती वरच्या मजल्यावर तुझ्या खाटेला चादर घालून बसली आहे. मघाशी मी म्हटलं, तो काही येत नाही, खाट दुसऱ्याला देते. तर म्हणाली, तुमचा चहा होऊ द्या बाई, तोवर तो आपण होऊन पळत येईल."