महिनाभराची लख्ख पानं

"आठ तारखेला काय लिहिलंय ते तुम्हीच वाचा," मुख्य कचेरीतून आलेल्या साहेबांनी फाइल पुढे सरकवली.

क्रेनचालकाने चष्मा लावला. कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणत. "ब्रेक ठीक, असं लिहिलंय. पण मी 'ब्रेक सैल' लिहिलं होतं, साहेब. हे पान माझं नाही."

"मग काय भुतानं लिहिलं?" फोरमन म्हणाले.

चार दिवसांपूर्वी क्रेनवरून पाइपांचा गठ्ठा सुटला आणि एका फिटरचा पाय मोडला. रोज सकाळी क्रेन तपासून पान भरायचं आणि फाइलला लावायचं, हे मामांचं काम. ते पान वाचून दुरुस्ती करून घ्यायची, हे फोरमनचं. बिघडलेला ब्रेक मामांनी 'ठीक' म्हणून लिहिला असं ठरलं, की त्यांची बावीस वर्षांची नोकरी आजच संपणार होती. साहेबांच्या मते ठरायचं काही उरलंच नव्हतं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

टेबलाच्या टोकाला ऑफिसातली कारकून मुलगी जबाब उतरवून घेत होती. कामाला लागून तिला आठ महिने झाले होते. साहेबांशी ओळख करून देताना फोरमन म्हणाले होते, "बी.ए. आहे, इतिहास. यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण लिहिते झकास." साहेब हसले. तीही हसली. या थट्टेची तिला सवय होती.

जबाब संपला. तिने फाइल ओढून घेतली आणि चाळली. मग मागच्या महिन्यापासून पुन्हा चाळली. कॉलेजात तिच्या बाई जुन्या कागदांचा ढीग समोर टाकून म्हणायच्या, कागद काय सांगतो ते नंतर, आधी तो कुणी, कुठे बसून, कशासाठी लिहिला ते बघा. तीन वर्षं बाईंनी दुसरं काही शिकवलंच नाही, अशी वर्गाची तक्रार असायची.

"साहेब, एक बोलू?" तिने फाइल साहेबांपुढे धरली. "मामा आधी क्रेनला ग्रीस लावतात, मग पान भरतात. मागच्या प्रत्येक पानावर काळा अंगठा उमटलाय. या महिन्याच्या एकाही पानावर नाही. बघा ना, लख्ख आहेत. ही पानं हात धुऊन, टेबलाशी बसून, एका बैठकीत लिहिलीत. एकच पान बदललं असतं तर नजरेत भरलं असतं, म्हणून सगळा महिनाच."

साहेबांनी स्वतः पानं उलटून पाहिली. त्यांचं हसू मावळलं.

"तुला कुणी सांगितल्यात लष्कराच्या भाकऱ्या भाजायला?" फोरमन म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"अक्षर कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

तिने पुन्हा पानाकडे पाहिलं. अक्षर मामांसारखं काढायचा प्रयत्न होता, पण 'ठीक'ची वेलांटी दरवेळी मागे लांब ओढली होती. तिने ती ओळखली आणि तिच्या पाचावर धारण बसली. आपण फाइल उघडलीच नसती तर बरं झालं असतं, असं तिला मनापासून वाटलं.

"राहू दे गं पोरी," मामा हळूच म्हणाले. "माझं व्हायचं ते होईल."

साहेबांना नवल वाटलं. ज्याच्या गळ्याशी आलं होतं, तोच नको म्हणत होता.

तिने पेन खाली ठेवलं. "फोरमनसाहेबांचं."

"कशावरून? तू काय अक्षरतज्ज्ञ आहेस?" साहेब म्हणाले.

"नाही, साहेब. दहा वर्षं माझ्या प्रगतिपुस्तकात, पालकांच्या रकान्यात, हेच अक्षर होतं."