बाजूची जाळी

शिट्टी वाजली आणि निळ्या जर्सीच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. गोल! पंचबाईंनी मधल्या वर्तुळाकडे हात केला आणि गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेतला. सामना दहा वर्षांखालच्या मुलींचा, पण त्यांच्यामागे धावून घशाला कोरड पडली होती. नऊ वर्षांनी मैदानात उतरल्यावर दुसरं काय होणार?

"दम लागला तर बस जरा!" कुंपणाशी घडीच्या खुर्चीवर बसलेल्या सासूबाई ओरडल्या. "लाज कसली त्यात?"

"आई, पंच बसत नसतो!"

लाल जर्सीची गोलकीपर जागची हलली नव्हती. कोपरापर्यंत आलेले हातमोजे कमरेवर ठेवून ती उभी होती.

"काकू, बाहेरून आत गेला तो."

नऊ वर्षांपूर्वी मुली ताई म्हणायच्या. पण ‘काकू’ नंतर टोचलं. आधी टोचलं ते ‘बाहेरून’. सामन्याआधी जाळी चाचपून बघायची, हे पंचाचं पहिलं काम. सकाळपासून त्यांनी नाणं दहादा बघितलं, घड्याळ दहादा बघितलं, आणि नेमकी जाळी राहिली.

त्या गोलपाशी गेल्या. बाजूच्या जाळीला, खांबाला लागूनच, चेंडू आरामात जाईल एवढं भगदाड.

"आता जाळी काय बघताय?" निळ्यांचे प्रशिक्षक गरजले. "शिट्टी वाजवलीत, गोल दिलात, संपलं!"

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या शेवटच्या सामन्यातही एक मुलगी अशीच सांगायला आली होती. ती खरं बोलतेय हे पंचबाईंना कळलं होतं. पण दिलेला गोल मागे घेतला तर लोक काय म्हणतील, म्हणून त्यांनी मान फिरवली. त्यानंतर शिट्टी कपाटात गेली. घरी सांगितलं, गुडघा दुखतो. सासूबाईंनी वर्षभर त्या धडधाकट गुडघ्याला तेल चोळलं.

मधल्या वर्तुळातून खेळ पुन्हा सुरू झाला की निर्णय बदलता येत नाही. अजून झाला नव्हता.

"गोल नाही," पंचबाई मोठ्यांदा म्हणाल्या. "चूक माझी. जाळी मी आधी बघायला हवी होती."

कुंपणापलीकडून हुर्यो उठली. प्रशिक्षकांनी टोपी आपटली. निळ्यांच्या सात नंबरचे डोळे डबडबले.

"माझा पहिला होता तो."

"दुसरा मार. या वेळी नीट बघते."

त्यांनी गळ्यातली दोरी काढली, शिट्टी सोडवून मुठीत घेतली आणि त्या दोरीने भगदाड करकचून बांधलं.

सामना संपायला दोन मिनिटं उरली होती. सात नंबर पुन्हा त्याच बाजूने सुसाट निघाली. पंचबाईही निघाल्या, या वेळी तिच्या बरोबरीने. चेंडू जाळीत गेला. सगळं मैदान पंचबाईंच्या मुठीकडे बघत राहिलं.

गोलकीपर जाळीपाशी गेली. हातमोजा काढून तिने गाठ ओढून बघितली. हलली नाही. मग तिने आतला चेंडू उचलला.

"हा खरा, काकू."

शिट्टी खणखणीत वाजली.

सासूबाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. "झाला गं बाई," त्या कुंपणावरून ओरडल्या, "झाला एकदाचा गुडघा बरा!"