हिरवं पाणी

गंगापूरच्या आदिनाथच्या शेततळ्यात पाणी आरशासारखं नितळ होतं, मासे मात्र काडीसारखे. "पाणी हिरवं होऊ द्या, त्यातल्या बारीक जिवांवरच मासा पोसतो," असं जाणकारांनी सांगितल्यावर त्यानं शेण कालवून कालवून पाणी हिरवंगार केलं. माशांनी असं बाळसं धरलं, की ‘माशांत काय ठेवलंय’ म्हणणाऱ्या सासऱ्यांना त्यानं पुंडलिकनगरहून मुद्दाम मुक्कामाला बोलावलं.

सकाळी तो गावातून जाळं घेऊन परतला, तेव्हा सासरे तळ्याकाठी घाम पुसत बसले होते.



"जावईबापू, तोंडावर कसं बोलावं म्हणून काल गप बसलो. लई घाण होती हो. तुम्ही गेलात अन् पोतंभर तुरटी फिरवली. आता बघा, पार तळ दिसतोय."