वीतभर खाली

गाडीची मागची बाजू रोज सकाळपर्यंत वीतभर खाली बसायची. मेकॅनिकने चाकांजवळच्या हवेच्या रबरी फुग्यांवर साबणाचं पाणी फासलं आणि डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली. अखेर डाव्या फुग्याच्या घडीत बुडबुडा उमलला. "सापडली गळती!" मालक हुश्श करत फोनसाठी बाहेर गेला, तशी त्याची आई काठी टेकत पुढे आली. "राहू दे रे तसंच. खाली बसलेली असली की माझी मी चढते. नाहीतर हा मला पोत्यासारखं उचलतो." "आजी, गळती राहिली तर हवा भरून भरून गाडीचा पंप जळेल हो." तिचा चेहरा पडला. मेकॅनिकने नवा फुगा बसवला, मालकाला बोलावलं आणि डिकीतलं धूळ खात पडलेलं बटण दाबलं. गाडी सावकाश खाली बसली. "सामान चढवायला असतं हे." आईने मुलाच्या हातात काठी दिली. "धर. सामान आपलं आपण चढतंय."