साथ न आलेला पावसाळा

अण्णांचा लालबागला दवाखाना होता. त्याच मिळकतीवर त्यांनी धाकट्या भावाला, मनमोहनला, डॉक्टर केलं. पुढे तो रोगांच्या साथी रोखण्याचंच शिक्षण घेणार म्हणून अडून बसला, तेव्हा त्याचीही फी अण्णांनीच भरली. "रोग बरा करायचे पैसे मिळतात रे. होऊ न देण्याचे कोण देणार?" एवढंच ते हसत म्हणाले होते.

मनमोहन म्युनिसिपालटीत पगारावर लागला. त्या उन्हाळ्यात त्याने चाळीचाळींतल्या टाक्या उपसून घेतल्या, पाण्यात औषध घातलं, घरोघरी जाऊन सुया टोचल्या. पावसाळा सरत आला तरी लालबागला जुलाब-उलट्यांचा रोगी औषधाला सापडेना. एरवी पावसाळ्यात रात्री उशिरा परतणारे अण्णा यंदा दिवेलागणीलाच घरी दिसायचे. वयाच्या मानाने थोडी विश्रांती मिळतेय, म्हणून मनमोहनला बरंच वाटायचं.

गणपतीत चाळकऱ्यांनी त्याला शालनारळ दिला. "मुंबई महाराष्ट्राला मिळेल तेव्हा मिळेल, पाणी तर चांगलं मिळालं," असं सेक्रेटरी बाबुराव म्हणाले, तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या अण्णांनी वाजवल्या.

घरी आल्यावर वहिनींनी नारळ देवापुढे ठेवला. मागे न वळताच त्या म्हणाल्या, "दवाखान्यात यंदा कोणी फिरकलंच नाही, भावोजी. आमच्या नलूचं लग्न पुढच्या वर्षावर ढकललंय."



मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तेव्हा तरी साथ येईल ना?"