देणगीदाराचा खोकला

प्रत्येक देणगीदाराचं नाव त्याच्याच आवाजात ऐकवल्याशिवाय प्रचारगाडीला मत मागायची मुभा नव्हती. खर्च निरीक्षक मंदाकिनी खटावकर भर दुपारी बाजारात उभी राहून यादीशी आवाज ताडून पाहत होती.

गाडीवरच्या कर्ण्यातून आधी खोकला आला. मग, "मी वामन खटावकर. स्वखुशीनं दोन हजार."

नाव सांगण्याआधी खोकायची खोड तिच्या नवऱ्याची, आणि त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. तो आवाज तिनंच एका कंपनीकडे दिला होता, घरातल्या यंत्रातून कुणीतरी बोलावं म्हणून. मेल्यांनी तो विकला.

"मॅडम, खोटी देणगी म्हणून नोंदवू?" सहायक मुजावरांनी हलकेच विचारलं. "पण मग नियमानं हा आवाज सगळीकडून पुसला जाईल. तुमच्या घरातूनसुद्धा."

"एक मिनिट थांबा." तिनं घरच्या यंत्राला फोन लावला.

खोकला आला. "चहा झाला का गं?"

"झाला," ती म्हणाली आणि मुजावरांकडे बघून तिनं होकारार्थी मान हलवली.

मुजावरांनी नोंद करताच गाडीवरचा कर्णा आणि कानाशी धरलेला फोन एकदमच गप्प झाले.