तीन फाट्यांचा कागद

“पहिला फाटा लिंबापाशी,” वसराम काठीच्या टोकानं धुळीत रेघ ओढत म्हणाला. “उजवी वाट सपाट दिसंल. तिला भुलू नका. फुडं काळं रान हाये, ह्या दिसांत हातभर खोल भेगा पडल्यात. डावा चढ धरा.”

तातेरावांनी लिहून घेतलं. कागद गुडघ्यावर धरला होता, त्यामुळं अक्षरं आधीच चढाला लागली होती.

“दुसरा फाटा दर्ग्यापाशी. समोर सरळ उतार लागतो. उतार बघून जीव हरखतो, पण खाली नाल्यात वाळू हाये. वळसा घाला. तिसरा खिंडीत. पायवाट जवळची, पण बाभळीतून जाती. गाडीवाट धरा. लांब पडंल, काटे न्हाईत.”

“एवढंच?”

“एवढंच. पाण्याची बाटली घ्या संगं.”

वसराम वीस वर्षं हिंगोलीहून औंढ्याला सरकारी डाक पायी नेत होता. त्याच्या बंजारा आज्यानं मीठ लादलेले बैल याच डोंगरांतून हाकले होते. आता, एकोणीसशे अडतीस साली, वरच्या कचेरीला वाटलं की डाक सायकलवर जावी. पोस्टमास्तर न्यायी माणूस होते. त्यांनी ठरवलं, सोमवारी सकाळी वसराम आणि नव्या जागेचे उमेदवार तातेराव, दोघांनी एकेक थैली घेऊन निघावं, तातेरावांनी सायकलवर, वसरामनं पायी. जो औंढ्याला आधी पोचेल, वसरामचा पितळी बिल्ल्याचा पट्टा यापुढं त्याच्या कमरेला.

तातेरावांना पट्टा हवा होता, कारण गोरेगावच्या होणाऱ्या सासऱ्यानं निरोप धाडला होता, की आधी पट्टा दिसू द्या, मग हळद भिजवू. वसरामला तो राखायचा होता, कारण सरकारनं चोर ठरवलेल्या तांड्यातल्या प्रत्येक बाप्याला आठवड्याला चौकीवर जाऊन, मी चोरी केली नाही, अशी हजेरी द्यावी लागे. पट्टेवाल्याला ती माफ होती.

कागद घेऊन तातेराव हैदरच्या सायकलच्या दुकानात आले. सायकल हैदरचीच होती. तिला दोन ब्रेक होते, त्यांतला एक लागत असे.

“हैदरभाई, हा खरं सांगून राहिला असंल का हो?”

हैदरनं ट्यूब पाण्यात दाबली. बुडबुडे आले नाहीत.

“ज्याचा पट्टा जानार, तोच तुमाला वाट दाखवून राहिला? अन् तोबी तांड्याचा? तातेराव, तुमी शिकलेले मानूस. माझी सायकल सलामत आना, म्हंजी झालं.”

तातेराव खरोखरच शिकलेले होते. त्यांनी कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडं ‘वसराम म्हणतो’, उजवीकडं ‘आपण करायचं’. डावा चढ, म्हणजे उजवी सपाटी. वळसा, म्हणजे सरळ उतार. गाडीवाट, म्हणजे पायवाट. कागद घडी करून त्यांनी टोपीत ठेवला. तरी रविवारी जेवण गेलं नाही. पाण्याची बाटलीही त्यांनी घेतली नाही. तिच्यातही काही डाव असावा असं वाटलं.

सोमवारी घुंगराची काठी वाजवत वसराम निघाला आणि लिंबाच्या बऱ्याच अलीकडं मागं पडला. तातेरावांनी मागं वळून पाहिलं. तो हसतोय असं त्यांना वाटलं. ते उजवीकडं वळले.

वाट सपाट होती. मग काळं रान आलं. पुढचं चाक भेगेत गेलं आणि तिथंच राहिलं. तातेरावांनी ते उपसून काढलं, थैली झटकली आणि मनाशी म्हणाले, डावीकडं याहून वाईट असणार.

दर्ग्यापाशी त्यांनी हात जोडले आणि उतारावर सायकल सोडली. लागणारा ब्रेक त्या दिवशी लागला नाही. खाली वाळू होती, आणि वाळू नसती तर दातही राहिले नसते. तोंड पुसत ते म्हणाले, वळशावर काय असेल कोण जाणे!

खिंडीत ते बराच वेळ उभे राहिले. गाडीवाट स्वच्छ, मोकळी, उन्हात पडलेली होती. इतकी मोकळी वाट पाहून त्यांचा संशय पक्का झाला. ते पायवाटेनं बाभळीत शिरले. आधी पुढचं चाक बसलं, मग मागचं.

दुपार कलल्यावर तातेराव औंढ्यात आले. त्यांनी सायकल खांद्यावर घेतली होती. देवळाच्या पारावर वसराम भाकरीचं फडकं सोडून बसला होता. थैली केव्हाच पोचती झाली होती. त्यानं आधी सायकल उतरवून घेतली, मग पाण्याचा तांब्या पुढं केला. तातेरावांनी तो एका दमात रिकामा केला, आणि आवाज परत येताच म्हणाले,

“फसवलंस मला!”

“कोणता फाटा खोटा निघाला, मालक?”

तातेरावांनी टोपीतून कागद काढला. घामानं उजवी बाजू पुसटली होती. डावी स्पष्ट होती. त्यांनी ती दोनदा वाचली. भेगा, वाळू, काटे. सगळं जिथल्या तिथं होतं.

“मग खरं काहून सांगितलंस?” कागदाची घडी घालत त्यांनी विचारलं.

वसराम मागच्या टायरमधले काटे एकेक करून उपटत होता. कमरेचा बिल्ला उन्हात चमकला.

“लई इचार केला, मालक. पण खोटं सांगितलं असतं, तर तुमी बराबर पोचले असते.”